करार दिल्लीत होतो, हिशेब काटोलला लागतो

नागपुरी संत्र्याचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बांगलादेश. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातला माल ट्रकमध्ये भरायचा आणि पश्चिम बंगालच्या सीमेवरून पार करायचा. सैल सालीच्या, फार दिवस न टिकणाऱ्या फळाला याहून सोयीचा परदेश नाही. २०१९ पासून बांगलादेशाने बाहेरून येणाऱ्या संत्र्यावरचं शुल्क वाढवायला घेतलं आणि २०२३ पर्यंत ते चौपटीच्या वर नेलं. निर्यात ढेपाळली, तिकडे जाणारा माल देशातल्याच बाजारात आला, भाव पडले. शेवटी राज्य सरकारवर संत्रा निर्यातीसाठी अनुदान जाहीर करायची वेळ आली.

यात एक गोम आहे. भारत आणि बांगलादेश हे दोघंही ‘साफ्ता’चे सदस्य आहेत. साफ्ता म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार. २००४ मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या, २००६ पासून तो लागू आहे. मग मुक्त व्यापाराचा करार असताना शुल्क चौपट होतंच कसं?

होतं, कारण ‘मुक्त’ हा शब्द करारांच्या नावात जेवढा मोठा असतो तेवढा आतल्या पानांवर नसतो. अशा बहुतेक करारांत प्रत्येक देशाची एक संवेदनशील वस्तूंची यादी असते. त्या यादीतल्या मालाला सवलत नाही, किंवा नावापुरतीच. शिवाय करारात बांधलेलं असतं ते मूळ सीमाशुल्क. त्यावर वेगवेगळ्या नावांचे अधिभार चढवायला वाट राहते, आणि दक्षिण आशियात ती वाट सगळेच वापरतात. त्यामुळे एखादा करार झाल्याची बातमी आली आणि टीव्हीवर लगेच ‘आता अमुक देशाचा बाजार खुला’ असं सुरू झालं, की थोडं थांबावं हे बरं. कोणत्या मालाला, किती टनांपर्यंत, कोणत्या अटींवर आणि किती वर्षांत, एवढं कळेपर्यंत काहीच कळलेलं नसतं.

मुळात असे करार करायला परवानगी कशी?

जागतिक व्यापाराचा पाया १९४७ च्या ‘गॅट’ करारात घातला गेला. १९९५ मध्ये त्याच्यावरच जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. तिचा पहिलाच नियम असा, की एका सदस्य देशाला जी सवलत दिली ती बाकी सगळ्या सदस्यांना द्यायची. जपानी पंख्यावर दहा टक्के शुल्क लावलं तर कोरियन पंख्यावरही दहाच.

प्रादेशिक करार म्हणजे याच नियमाला अपवाद. गॅटच्या चोविसाव्या कलमात तो आहे. काही देशांनी आपसात जवळजवळ सगळ्या व्यापारावरचं शुल्क काढलं, तर ती सवलत बाहेरच्यांना देण्याचं बंधन नाही, असं ते कलम सांगतं. यातही दोन जाती आहेत. मुक्त व्यापार करारात आपसातलं शुल्क जातं, पण बाहेरच्यांवर किती लावायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सीमाशुल्क संघात बाहेरच्यांवरचं शुल्कही सगळ्यांनी एकच ठेवायचं, जसं युरोपीय संघ करतो. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो. पण पुढे नेपाळच्या तेलाची गोष्ट येईल, तिचं मूळ इथेच आहे.

मोठ्या देशाला याची गरजच काय?

लहान देशाचं गणित सरळ आहे. घरचा बाजार लहान, मोठा कारखाना उभारायचा तर गिऱ्हाईक बाहेरच शोधायला हवं. व्हिएतनामचा आयात-निर्यात मिळून व्यापार त्याच्या एकूण अर्थव्यवस्थेपेक्षाही मोठा आहे. अमेरिकेचा तिच्या अर्थव्यवस्थेच्या साधारण पाव भाग. अमेरिकेला, चीनला, आपल्याला घरातच प्रचंड बाजार आहे. पूर्वी मध्य प्रदेशातून खवाशामार्गे नागपूरला येणारा ट्रक विक्रीकराच्या नाक्यावर तासन्‌तास उभा राहायचा. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि ते नाके उठले. १४० कोटी माणसांच्या देशात राज्याराज्यांमधले अडथळे काढणं हाच एक अवाढव्य मुक्त व्यापार करार आहे, आणि त्यासाठी कुणा परक्याला बदल्यात काही द्यावं लागत नाही.

म्हणून मोठ्या अर्थव्यवस्थांना अशा करारातून मिळणारा निव्वळ आर्थिक फायदा, टक्क्यांत मोजला तर, सहसा लहानच निघतो. मग त्या करार का करतात? मुख्य कारण आहे वजन. जागतिक व्यापार संघटनेत दीडशेच्या वर देश आहेत आणि सगळ्यांचं एकमत लागतं. २००१ मध्ये दोह्याला सुरू झालेली वाटाघाटींची फेरी याच एकमतापायी रुतून बसली. दोघा-चौघांच्या बैठकीत मात्र ज्याचा बाजार मोठा त्याचं चालतं. आपल्या सोयीचे नियम दुसऱ्याच्या गळ्यात घालता येतात: औषधांची पेटंट, माहितीची साठवण, कामगारांचे पगार, मालाचा दर्जा. युरोपशी धंदा करायचा म्हणून निम्मं जग युरोपचे दर्जाचे निकष पाळतं, हे काही शुल्काच्या जोरावर झालेलं नाही.

हे वजन कसं वापरतात त्याचा ढळढळीत नमुना उत्तर अमेरिकेत आहे. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा ‘नाफ्ता’ १९९४ च्या १ जानेवारीला लागू झाला. त्यात गाडीचा ६२.५ टक्के भाग या तीन देशांत बनलेला असला की शुल्क माफ होतं. अमेरिकेला वाटलं, कारखाने मेक्सिकोत चालले. तिने करार नव्याने लिहायला लावला आणि २०२० च्या जुलैत नवा करार आला. अट ७५ टक्क्यांवर गेली. वर आणखी एक कलम घातलं, की गाडीच्या किमतीचा ४० ते ४५ टक्के भाग तासाला किमान १६ डॉलर मजुरी मिळणाऱ्या कामगारांच्या हातचा हवा. मेक्सिकोत एवढी मजुरी देणारे कारखाने शोधावे लागतील. म्हणजे कलमात ‘काम अमेरिकेत आणा’ असं कुठेच लिहिलेलं नाही, पण त्याचा अर्थ तोच. मेक्सिको काय करणार? त्याची बहुतेक निर्यात एकाच शेजाऱ्याकडे जाते. सही केली.

आणि एवढं करूनही २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने त्याच दोन शेजाऱ्यांवर २५ टक्के शुल्क लावलं. दोनच दिवसांत करारात बसणाऱ्या मालाला सूट दिली, ही गोष्ट वेगळी. करार मोडण्याची ताकदही मोठ्याकडेच असते. याचा तोटा लगेच दिसत नाही, पण असतो: पुढच्या वेळी समोरचा माणूस आपल्या सहीला किती किंमत देईल?

दोन शर्टांचा हिशेब

अर्थशास्त्रात या करारांबद्दलची सगळ्यात कामाची गोष्ट जेकब वायनर यांनी १९५० मध्ये सांगितली. त्याआधी समज असा होता, की जगभरचं शुल्क नाही तर निदान दोन देशांतलं तरी गेलं, म्हणजे तेवढा व्यापार सुधारला. वायनर म्हणाले, तसं नाही. करारामुळे कधी नवा व्यापार तयार होतो, तर कधी चालू व्यापार नुसता इकडून तिकडे वळतो. वळलेला व्यापार नुकसानीचा असू शकतो.

आकडे घेऊन बघू. समजा जर्मनीतल्या दुकानदाराला भारतातून शर्ट ५०० रुपयांना पडतो आणि बांगलादेशातून ५३० ला. दोघांवर १२ टक्के शुल्क असेल तर भारताचा ५६० ला आणि बांगलादेशाचा ५९३ रुपये ६० पैशांना जाईल. दुकानदार भारताचा घेईल. आता बांगलादेशाला शुल्कमाफी मिळाली. त्याचा शर्ट ५३० लाच, भारताचा ५६० ला. ऑर्डर ढाक्याला गेली. दुकानदाराचे ३० रुपये वाचले, पण जर्मनीत येताना भरले जाणारे ६० रुपये शुल्क बुडालं. ज्याला शर्ट स्वस्तात बनवता येतो तो बाजूला पडला आणि ज्याच्याकडे सवलतीचा कागद आहे तो पुढे गेला.

शर्टाची किंमत मी समजुतीपुरती धरली आहे, परिस्थिती मात्र खरी आहे. अतिगरीब देशांच्या यादीत असल्यामुळे बांगलादेशचे कपडे युरोपात शुल्काशिवाय जात आले आणि भारतीय तयार कपड्यांवर १२ टक्क्यांपर्यंतचं शुल्क लागत आलं. त्यावर कडी म्हणजे २०११ पासून युरोपने अशा देशांसाठी अट सैल केली: कापड कुठूनही आणा, शिवण तुमच्याकडे झाली की माल तुमचा. त्यामुळे विदर्भातल्या वावरातला कापूस इथे जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन गाठीत बांधला जातो, गिरणीत त्याचं सूत होतं, ते सूत बांगलादेशात जातं आणि त्याचा शर्ट शुल्क न भरता युरोपात पोचतो. तोच शर्ट नागपुरात शिवला असता तर शुल्क भरावं लागलं असतं. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी याच शहरात एम्प्रेस मिल सुरू केली होती, कापूस पिकतो तिथेच कापड व्हावं म्हणून. आज आपल्या वाट्याला साखळीतलं सगळ्यात कमी पैशाचं टोक उरलं आहे. याचा सगळा दोष युरोपच्या सवलतीवर टाकणं बरोबर नाही, पण वाटा मोठा आहे.

मोठ्या देशांना करारांत उतरावं लागतं त्याचं हेही एक कारण. स्वतःला काही मिळवायचं म्हणून कमी आणि दुसऱ्याला मिळालेली सवलत आपल्या मुळावर येते म्हणून जास्त. सगळेच करार करत सुटले की बाहेर बसणं महाग पडतं. जन्माने मुंबईकर असलेले अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती गेली तीस वर्षं याच कारणाने अशा करारांवर टीका करत आले आहेत. प्रत्येक जोडीचे नियम वेगळे, प्रत्येक मालाचा दर वेगळा, आणि सगळ्यांसाठी एकच नियम हे मूळ तत्त्व त्या गुंत्यात हरवतं.

सोयाबीन न पिकवता सोयाबीन तेल

आता या सगळ्यातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग: माल मूळचा कुठला, हे ठरवण्याचे नियम. व्यापारी भाषेत ‘रूल्स ऑफ ओरिजिन’.

ते का लागतात? मुक्त व्यापार करारात बाहेरच्यांवरचं शुल्क ज्याचं त्याचं वेगळं असतं, हे वर आलं. मग तिसऱ्या देशाचा माल कमी शुल्काच्या देशात उतरवायचा, तिथून करारातल्या दुसऱ्या देशात शून्य शुल्काने ढकलायचा, हा धंदा कुणीही करेल. तो होऊ नये म्हणून अट असते, की मालात सदस्य देशाची खरी भर हवी. साफ्तात ती साधारण ४० टक्के आणि नेपाळ-बांगलादेशसारख्या देशांसाठी ३० टक्के आहे.

२०२४ च्या पावसाळ्यात सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली होते. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढे मिळत नव्हते. विदर्भ-मराठवाड्यात ओरड सुरू झाली, निवडणूकही जवळ होती. १४ सप्टेंबरला केंद्राने खाद्यतेलावरचं शुल्क वाढवलं. कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावर अधिभारासह ५.५ चं २७.५ टक्के झालं, शुद्ध केलेल्या तेलावर १३.७५ चं ३५.७५. बाहेरचं तेल महाग झालं की गिरण्या आपलं सोयाबीन वर घेतील, हा हेतू.

पुढच्या काही महिन्यांत नेपाळमधून शुद्ध सोयाबीन तेलाचा ओघ वाढला. नेपाळात सोयाबीन पिकतं ते किरकोळ, पाम तर नाहीच. कच्चं तेल बाहेरून यायचं, तिथल्या कारखान्यात शुद्ध व्हायचं आणि शून्य शुल्काने भारतात उतरायचं. पामतेलाच्या बाबतीत असंच आधी झालं होतं, तेव्हा २०२० च्या जानेवारीत सरकारने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले होते.

हिशेब असा. शुद्ध तेलावर इतर देशांना ३५.७५ टक्के, नेपाळला शून्य. कच्चं तेल शुद्ध करण्यात किमतीला लागणारी भर मामुली असते, ३० टक्के दाखवायची तर बिलात कसरत करावी लागेल. भारतातल्या तेल उद्योगाच्या संघटनांची तक्रार नेमकी हीच होती.

आता एक प्रश्न विचारा, जो बातम्यांत कुणी विचारत नाही. नेपाळहून आलेलं हे बिनशुल्काचं तेल नागपुरात इतवारीच्या किराणा ओळीत स्वस्त मिळालं का? मिळायचं काही कारण नाही. भारताला लागतं त्या मानाने नेपाळ देऊ शकतो ते तेल थोडं. बाकीचं तेल शुल्क भरूनच येतं आणि बाजारभाव तेच ठरवतं. नेपाळचा माल त्याच भावाला विकला जातो. शुल्काचे वाचलेले पैसे गिऱ्हाइकाला मिळत नाहीत, सरकारी तिजोरीतही येत नाहीत. ते मधल्या कारखानदार आणि व्यापाऱ्यांत वाटले जातात. मोठा देश लहान देशाला सवलत देतो तेव्हा हे नेहमी होऊ शकतं: तिजोरीचं नुकसान पक्कं, गिऱ्हाइकाचा फायदा नावाला. तरी मोठे देश अशा सवलती देतात, कारण शेजाऱ्याला धरून ठेवायचं असतं. काठमांडूत दुसरा मोठा शेजारी काय देऊ करतोय, याचा हिशेब सोयाबीनच्या हिशेबापेक्षा दिल्लीत जड ठरतो. तो चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्या मैत्रीची किंमत कुणाच्या वावरातून वसूल होते, एवढं तरी उघड बोलावं.

अशी पळवाट सोन्यातही निघाली होती. संयुक्त अरब अमिरातीशी २०२२ च्या मे महिन्यात करार लागू झाला. त्यात प्लॅटिनमच्या मिश्रधातूवर शुल्क कमी होत जाणार होतं, तर दुबईहून अशी मिश्रधातू येऊ लागली जिच्यात बहुतेक सोनंच होतं. नंतर नियम आवळले गेले. २०२० च्या सप्टेंबरपासून सीमाशुल्क विभागाने नुसतं मूळ देशाचं प्रमाणपत्र पुरेसं मानणं सोडलं आहे. माल खरंच तिथला कसा, हे आयातदाराला माहीत असायला हवं आणि विचारलं तर दाखवता यायला हवं. चोरटी वाट थोडी बंद झाली, आणि प्रामाणिक लहान व्यापाऱ्याच्या डोक्यावर कागदांचा एक गठ्ठा वाढला.

हा गठ्ठा कधी इतका जड होतो की सवलतच नको वाटते. अमेरिकेत गाडीवरचं नेहमीचं शुल्क बरीच वर्षं फक्त २.५ टक्के होतं. ७५ टक्क्यांची अट सिद्ध करत बसण्यापेक्षा ते भरून टाकणं काही गाडी कंपन्यांना परवडलं. बुटीबोरीतल्या एखाद्या लहान कारखानदाराने प्रमाणपत्राच्या भानगडीत न पडता शुल्क भरून माल पाठवला, तर त्याला अडाणी म्हणू नका.

‘नाही’ म्हणण्याची सोय

आता दुसरी बाजू. मोठ्या देशाला करारातल्या वस्तू निवडता येतात. ऑस्ट्रेलियाशी आपला करार २०२२ च्या २९ डिसेंबरला लागू झाला. ऑस्ट्रेलिया म्हणजे दूध, गहू आणि कडधान्यांचा बलाढ्य निर्यातदार. पण दुग्धपदार्थ, गहू, तांदूळ, हरभरा, साखर हे सगळं आपण करारातून बाहेर ठेवलं. अर्थात कोळसा, लोकर असा आपल्याला लागणारा माल सवलतीत आला आणि आपले कपडे, इंजिनिअरिंगचा माल तिकडे शुल्काशिवाय जाऊ लागले. एखाद्या लहान देशाला ऑस्ट्रेलियाने इतकं सोडलं नसतं.

त्याच करारात संत्रा आहे, हे विदर्भात फारसं कुणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियाच्या संत्री-मोसंबी वर्गातल्या फळांना वर्षाला १३,७०० टनांपर्यंत शुल्क निम्मं केलं आहे. ऐकून काटोलवाल्याच्या पोटात गोळा यायला हरकत नाही. पण कॅलेंडर बघा. ऑस्ट्रेलियात हंगाम असतो आपल्याकडच्या उन्हाळ्यापासून पावसाळा संपेपर्यंत. आपल्या संत्र्याचे दोन हंगाम: आंबिया बहार येतो हिवाळ्याच्या तोंडावर, मृग फेब्रुवारी-मार्चला. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचे ढीग लागलेले असतात तेव्हा तिकडची झाडं रिकामी असतात. आणि आयातीचं फळ जातं ते मोठ्या शहरांतल्या चकचकीत दुकानांत, तेही मर्यादेतच. नागपुरी संत्र्याला खरी टक्कर पंजाबच्या किन्नो जातीच्या संत्र्याची आहे, त्यावर कोणतंच शुल्क लावता येत नाही.

कापसाचंही असंच. ऑस्ट्रेलियाच्या लांब धाग्याच्या कापसाला ५१,००० टनांपर्यंत शुल्क माफ आहे. १७० किलोच्या गाठी धरल्या तर त्या ३ लाख होतात. ऐकायला मोठा आकडा, पण भारतात वर्षाला होणाऱ्या गाठी कोटींत मोजतात. तिकडच्या स्वच्छ, एकसारख्या लांब धाग्याची गरज असते ती बारीक सूत काढणाऱ्या गिरण्यांना, आणि तसा माल आपल्याकडे पुरेसा होत नाही. नागपुरात वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ पासून आहे, तिथल्या माणसांना धाग्याच्या लांबीचा हा फरक वेगळा सांगावा लागणार नाही. टनांची मर्यादा घालून शुल्क सोडणं ही अशा करारांतली सगळ्यात शहाणी युक्ती आहे असं मला वाटतं. गिरणीचं काम भागतं आणि शेतकऱ्याचा भाव फारसा हलत नाही.

उलट संत्र्याला युरोपात उद्या शून्य शुल्क झालं म्हणून काय होणार? तिकडच्या माणसाला बिया नको असतात आणि आपल्या संत्र्यात त्या भरपूर. फवारणीच्या औषधाच्या अंशांची तपासणी कडक, जहाजाचा प्रवास आठवड्यांचा, आणि नागपूरहून बंदर आठशे किलोमीटर. बिनबियांचं वाण, पॅकहाऊस आणि शीतसाखळी या गोष्टी कोणत्याही वाटाघाटीच्या टेबलावर मिळत नाहीत.

तुटीचा आकडा आणि आरसेप

अशा करारांवरच्या वादात सगळ्यात जास्त फेकला जाणारा आकडा म्हणजे व्यापार तूट. आसियान या आग्नेय आशियातल्या गटाच्या दहा देशांशी आपला वस्तू व्यापार करार २०१० पासून लागू झाला. त्याआधी २००९-१० मध्ये त्यांच्याशी तूट ८ अब्ज डॉलरच्या आत होती, २०२२-२३ मध्ये ती ४३ अब्जांच्या वर गेली. करार फसला, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण इंडोनेशियाचा कोळसा आणि मलेशियाचं पामतेल आपण घेतो ते लागतं म्हणून, करार नसता तरी घेतलंच असतं. तूट म्हणजे तोटा नव्हे.

आरसेपचं उदाहरण यात फार बोलकं आहे. आसियान, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या या करारातून भारत ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये बाहेर पडला. चिनी माल आणि न्यूझीलंडचं दूध यांची धास्ती हे मुख्य कारण. बाकी पंधरा देशांनी पुढच्या वर्षी सह्या केल्या. चीनशी आपली तूट २०१८-१९ मध्ये सुमारे ५३ अब्ज डॉलर होती. करारात न जाताही २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्जांच्या वर पोचली.

मग बाहेर राहून मिळवलं काय? शुल्क वाढवण्याचा अधिकार हातात राहिला, हे मोठंच. गमावलं काय? एखादा मोबाईलचा किंवा यंत्राचा भाग चार देशांत फिरून तयार होतो, त्या साखळीत कारखाना कुठे टाकायचा हे ठरवताना कंपन्या पंधरा देशांचा एक गट धरतात आणि भारत वेगळा. माझ्या मते चीन आत असताना बाहेर राहणं बरोबर होतं. पण बाहेर राहिलो म्हणजे उद्योग वाचला, अशी पाठ थोपटून घेण्यात अर्थ नाही.

आसियान करारात खरं दुखतं ते दुसरीकडे, आणि तो दोष निम्मा आपलाच. समजा हिंगण्याच्या एमआयडीसीतला एक कारखानदार ट्रॅक्टरसाठी एखादा सुटा भाग बनवतो. त्याला लागणारी पोलादाची पट्टी करार नसलेल्या देशातून येते, तिच्यावर ७.५ टक्के शुल्क. तोच तयार भाग थायलंडहून शून्य शुल्काने येतो. म्हणजे कच्च्या मालावर कर आणि पक्का माल मोकळा. असा कारखानदार काही वर्षांनी कारखाना बंद करून त्याच भागाचा आयातदार झाला, तर नवल नाही. करार करताना घरचे दर नीट लावले असते तर हे टळलं असतं. आता त्या कराराची फेरतपासणी सुरू आहे.

ज्याचं गेलं त्याला काय?

मोठ्या देशाची खरी अडचण ही आहे. फायदा सगळ्या देशावर पातळ पसरतो आणि तोटा एखाद्या तालुक्यावर घट्ट बसतो. तेल किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त झालं तर कुणी सरकारचे आभार मानायला जात नाही. उमरेडच्या सोयाबीनवाल्याचे क्विंटलमागे पाचशे गेले, तर त्याचं वर्षाचं गणित मोडतं.

अमेरिकेने १९६२ मध्ये यासाठी एक योजना काढली होती. आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगाराला भत्ता आणि नवं प्रशिक्षण. साठ वर्षं ती कशीबशी चालली, २०२२ च्या जुलैपासून नवे अर्ज घेणं बंद झालं. कामगार लहान गावातून हलत नव्हते, प्रशिक्षणाने तसाच पगार मिळत नव्हता, राग मतपेटीत उतरत गेला. युरोपीय संघाचाही २००७ पासून असा निधी आहे. आपल्याकडे करारामुळे नुकसान झालेल्या शेतकऱ्यासाठी किंवा कामगारासाठी वेगळी अशी कोणतीच योजना नाही. हमीभाव आणि कधीमधी अनुदान, बस.

जाता जाता एक गल्लत. २०२५ च्या १९ ऑगस्टला केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क नेलं होतं, कापड उद्योगाला आधार द्यायचा होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता, आणि नेमक्या वेचणीच्या हंगामात आयात मोकळी. यवतमाळ-वर्ध्याकडे लोक अजूनही सांगतात, की हे कुठल्यातरी करारामुळे झालं. तसं नाही. ती नुसती अधिसूचना होती, जगातल्या सगळ्या देशांना लागू. सरकारला ती दुसऱ्या दिवशी मागे घेता आली असती. करारात दिलेली शुल्काची सवलत अशी परत घेता येत नाही. त्यासाठी समोरच्या देशाकडे जावं लागतं, बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, वर्षं जातात. परदेशी गुंतवणूकदाराला नेमकी हीच हमी हवी असते. सरकीचा भाव बघून पेरणी ठरवणाऱ्या माणसाला तीच हमी बेडीसारखी वाटते.